गाण्याचा फेडर कुणाच्या हातात?

एप्रिल जवळ आला की आमच्याकडे एक प्रश्न दरवर्षी येतो. विचारणारे कधी एखाद्या तालुक्याच्या गावातले कलापथक असते, कधी वसतिगृहातली चार पोरे, तर कधी नव्याने लिहू-गाऊ लागलेली एखादी मुलगी. गाणे तयार असते, रेकॉर्डही झालेले असते. प्रश्न असा की, "आमचं गाणं बाकीच्यांच्या गाण्यापुढे दबलेलं वाटतं. थोडी वर्गणी जमलीय. मास्टरिंगचं कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?"

यंदा हाच प्रश्न आमच्या स्वतःच्या पथकात उभा राहिला आणि त्यावर दोन रविवार भांडण झाले. एका बाजूचे म्हणणे असे : एक चांगले मास्टरिंगचे सॉफ्टवेअर घ्यावे, त्यात गाणे टाकावे, दहा मिनिटांत ते मोठ्या कंपनीच्या गाण्यासारखे दणदणीत होऊन बाहेर येईल. दुसऱ्या बाजूचे म्हणणे : ते पैसे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते कष्ट, पूर्ण वर्कस्टेशन शिकण्यात घालावेत. आम्ही दुसऱ्या बाजूचे आहोत. आणि आमच्या मते हा वाद फक्त यंत्राचा नाही, म्हणून तो इथे मांडतो आहोत.

आधी दोन्हींत फरक काय ते सरळ सांगू, कारण निम्मे भांडण शब्दांच्या गोंधळातून होते. वर्कस्टेशन म्हणजे डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन. स्टुडिओतली पोरे त्याला आद्याक्षरांवरून 'डॉ' म्हणतात, आपल्याकडे डॉ. म्हटले की एकच माणूस आठवतो, म्हणून आम्ही वर्कस्टेशनच म्हणू. रीपर, क्युबेस, प्रो टूल्स, आर्डर ही त्याची नावे. यात गायकाचा आवाज एका ट्रॅकवर, ढोलकी दुसऱ्यावर, पेटी तिसऱ्यावर, कोरस चौथ्यावर असा सगळा माल वेगवेगळा राहतो. प्रत्येकाला स्वतःचा फेडर. कोण पुढे, कोण मागे, कुठल्या शब्दावर पेटीने गप्प बसायचे, हे तिथे ठरते. याला मिक्सिंग म्हणतात. मास्टरिंग ही त्यानंतरची पायरी. सगळे एकत्र होऊन डाव्या-उजव्या बाजूची एकच फाईल तयार झाली की तिच्यावर शेवटचा हात फिरवणे, म्हणजे एकूण आवाजाची पातळी, जाडपणा, चकाकी पाहणे, बस. ओझोन, टी-रॅक्स ही त्या कामाची सॉफ्टवेअरे. लँडरसारख्या ठिकाणी तर फाईल चढवली की यंत्रच मास्टर करून परत देते.

शिजलेल्या भाजीत वरून कोथिंबीर घालता येते, पण जास्त पडलेले मीठ काढता येत नाही. मास्टरिंगवाल्याच्या हाती शिजलेली भाजी येते.

आता आमचा स्वतःचा अनुभव. काही वर्षांपूर्वी आम्ही शिष्यवृत्तीवर एक गाणे केले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वेळेवर न आल्याने कॉलेज सोडावे लागलेल्या पोराची गोष्ट होती. त्या गाण्याचा सगळा जीव 'थकीत' या एका शब्दात होता. शहरातल्या एका स्टुडिओत तासाच्या भाड्याने रेकॉर्ड केले. तयार होऊन आले तेव्हा 'थकीत' ऐकूच येत नव्हते. नेमकी त्या जागी ढोलकीची थाप आणि झांज. आम्ही म्हणालो, शब्द वर काढा. स्टुडिओवाला म्हणाला, "मिक्स झालंय आता. मास्टरिंगमध्ये बसवून देतो." बसवून दिले. गाणे आधीपेक्षा दुप्पट जोरात वाजू लागले, आणि 'थकीत' अजूनच गाडला गेला. मंडपात पोरे नाचली. गाणे कशावर आहे, हे एकालाही कळले नाही. चार महिन्यांनी आम्ही वेगवेगळे ट्रॅक मागायला गेलो तर उत्तर मिळाले, हार्डडिस्क पुसली.

हे का झाले, याचे तांत्रिक कारण समजून घेण्यासारखे आहे. माणसाच्या बोलण्यातली व्यंजने, जी शब्दाला शब्दपण देतात, ती साधारण दोन हजार ते चार हजार हर्ट्झच्या आसपास कानाला टोचतात. मास्टरिंगमध्ये तो पट्टा वर उचलला तर आवाजाबरोबर झांजही उचलली जाते, ढोलकीच्या चाटेचा कडकडाटही उचलला जातो. कारण फाईल एकच आहे, त्या फाईलला गायक कोण आणि झांज कोण हे माहीत नाही. दुसरी गोष्ट लिमिटरची. गाणे मोठे करण्यासाठी लिमिटर सगळ्यात उंच टोके दाबतो आणि बाकीचे वर आणतो. आपल्या गाण्यात उंच टोके कुणाची? ढोलकीच्या आणि हलगीच्या थापेची. प्रत्येक थाप पडली की लिमिटर क्षणभर सगळी फाईल दाबतो, आणि त्या दाबण्यात गायकही दाबला जातो. थापेगणिक शब्द आत-बाहेर होतो. म्हणजे गाणे जितके जोरात करू, तितका शब्द जास्त मार खातो.

हिंदी सिनेमाच्या गाण्यात हे चालून जात असेल. आपल्याला चालत नाही. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत, विठ्ठल उमपांपासून विलास घोगरेंपर्यंत आपल्या गाण्याची परंपरा ही आधी सांगण्याची परंपरा आहे. ज्यांच्या हातात पुस्तक पडू दिले नाही त्यांच्यापर्यंत विचार कानाने पोचला. आपल्या गाण्यात शब्द बुडाला तर उरतो तो नुसता ठेका, आणि ठेका विकणारे बाजारात भरपूर आहेत.

भांडणात आमच्या एका तरुण मित्राने चांगला मुद्दा काढला. तो म्हणाला, तुम्ही जुन्या काळात आहात, आता यंत्रच मिसळलेल्या गाण्यातून आवाज वेगळा काढते. खरे आहे. स्प्लीटर, डेम्युक्स अशी साधने फुकट मिळतात, आणि काही मास्टरिंग सॉफ्टवेअरमध्येही गायकाचा आवाज थोडा वर-खाली करण्याची सोय आली आहे. आम्ही आमचेच 'थकीत'वाले गाणे त्यातून काढून पाहिले. ही साधने गाण्याचे सहसा चार भाग करतात : गायन, ड्रम्स, बेस आणि 'इतर'. आता सांगा, तुणतुणे कुठे जाईल? पेटी कुठे जाईल? 'इतर'मध्ये. हलगीचे तर दोन तुकडे झाले, कडक बाजू ड्रम्समध्ये आणि गुंजन कधी बेसमध्ये, कधी 'इतर'मध्ये. कोरस अर्धा गायनाला चिकटला, अर्धा पेटीला. शब्द थोडा वर आला, पण पाण्याखालून बोलल्यासारखा.

यात यंत्राचा दोष नाही. ज्या गाण्यांवर ते शिकले, तसेच ते ऐकते. या क्षेत्रात शिकवणीसाठी आणि परीक्षेसाठी सर्रास वापरला जाणारा एमयूएसडीबी १८ नावाचा संग्रह १५० गाण्यांचा आहे, आणि ती बहुतेक पाश्चात्त्य पॉप-रॉक वळणाची आहेत. त्यात आपला जलसा नाही. ज्याची नोंद नाही तो 'इतर'. ही वागणूक आपल्याला नवी थोडीच आहे! उद्या आपल्या वाद्यांचे वेगवेगळे, स्वच्छ ट्रॅक हजारोंनी साठले तर कदाचित एखादे यंत्र हलगीला हलगी म्हणून ओळखेल. पण ते ट्रॅक साठणार कुठून? वर्कस्टेशनमधूनच. तयार मास्टरमधून नाही.

दुसरा मुद्दा मोठ्या आवाजाचा. गाणे 'दबलेले' वाटते, म्हणून मास्टरिंग हवे असे वाटते. पण यूट्यूबवर गाणे ठरावीक पातळीपेक्षा जोरात असेल तर यूट्यूब ते आपोआप खाली आणते. ती पातळी साधारण उणे १४ एलयूएफएस आहे. हे एकक म्हणजे कानाला सरासरी किती मोठे वाटते याचे माप. तुम्ही पैसे खर्चून, थापा चेचून, गाणे उणे ७ वर नेलेत तर तिथे ते सात डेसिबलने खाली ओढले जाईल. मोठेपणा गेला, चेचलेपणा राहिला. उलट गाणे फार बारीक असेल तर यूट्यूब ते वर उचलत नाही, म्हणून त्या पातळीच्या आसपास आणणे गरजेचे आहे, हे मान्य. पण तेवढे काम कुठल्याही वर्कस्टेशनमधला साधा लिमिटर करतो. रीपरमध्ये तर गाणे बाहेर काढतानाच किती एलयूएफएसवर हवे ते आकडा टाकून ठरवता येते. वेगळे सॉफ्टवेअर कशाला?

मिरवणुकीतल्या डीजेला यूट्यूबचा हा नियम लागू नाही, हे आम्हाला माहीत आहे. तो फाईल थेट वाजवतो आणि तिथे जोरातलेच गाणे जिंकते. त्या स्पर्धेत उतरायचे का, हा वेगळा लेख होईल. आमचे मत एवढेच की डीजेसाठी हवी तर वेगळी प्रत काढा, मूळ गाण्याचा गळा दाबू नका.

पैशाचे बोलू. आमच्याकडे वर्गणीचे १८ हजार रुपये होते. मास्टरिंगची नावाजलेली पूर्ण पॅकेजे घेतली तर यातला मोठा भाग तिथेच जातो, आणि हातात ना माइक ना इंटरफेस. रीपरचा परवाना, ज्यांची वर्षाची कमाई २० हजार डॉलरच्या खाली आहे त्यांच्यासाठी, ६० डॉलरला आहे. कलापथकाची कमाई तेवढी झाली तर आम्ही पेढे वाटू. शिवाय ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून पाहता येते. आर्डरचा तर सगळा कोडच खुला आहे. ऑडॅसिटी फुकट आहे आणि तिच्यातही अनेक ट्रॅकचे बरेच काम होते. जुन्या साध्या लॅपटॉपवर रीपर चालते, आम्ही चालवतो आहोत. उरलेल्या पैशात दोन माइक लावता येतील असा छोटा इंटरफेस, एक बरा माइक आणि कान बंद करणारा हेडफोन बसतो.

आणि हो, क्रॅक. बहुतेक पोरांच्या लॅपटॉपवर चोरीचे महागडे सॉफ्टवेअर असते. नैतिकतेचे प्रवचन आम्ही देणार नाही, पण त्या क्रॅकबरोबर व्हायरस येऊन अख्खा संग्रह गेलेली दोन पथके आम्हाला माहीत आहेत. पाच-सहा हजारांत कायदेशीर हत्यार मिळत असताना हा धोका कशासाठी?

आता आक्षेप. पहिला, आमच्याच ज्येष्ठांचा : "वामनदादांकडे कुठलं सॉफ्टवेअर होतं? आवाज आणि निष्ठा असली की पुरे." दादांकडे नव्हते, खरे. पण बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, तेव्हा 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नव्हती. पुढे 'बहिष्कृत भारत'च्या काळात चळवळीने भारतभूषण नावाचा स्वतःचा छापखाना उभा केला. विचार आणि निष्ठा तर आधीही होतीच की! तरी छापखाना लागला. कारण दुसऱ्याच्या छापखान्यात तुमचा मजकूर त्याच्या सवडीने, त्याच्या अटीने छापला जातो. आमच्या लेखी वर्कस्टेशन हा छापखाना आहे. मास्टरिंग म्हणजे मुखपृष्ठावरचे लॅमिनेशन. लॅमिनेशन चांगलेच दिसते, पण आधी टाइप जुळवायला कोण बसणार ते ठरवा.

आणि इथे जातीचा प्रश्न येतो, तो टाळून चालणार नाही. कातडे कमावणारे आपले, हलगी मढवणारे आणि वाजवणारे आपले, गळा आपला, लिहिणारा आपला. काचेपलीकडच्या खुर्चीत बसून फेडर धरणारा मात्र क्वचितच आपला. कॅसेटच्या काळात आपल्या कित्येक गायकांनी एकरकमी बिदागीवर सह्या केल्या आणि गाणी कंपनीची झाली. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या हक्काला संरक्षण दिले, ते वाचा, समजून घ्या. पण कागदावरच्या हक्कासोबत कच्चा माल हातात असणे ही वेगळीच ताकद आहे. वेगवेगळे ट्रॅक तुमच्याकडे असतील तर दहा वर्षांनी तेच गाणे नव्याने मिसळता येते, शाळेच्या कार्यक्रमासाठी नुसते संगीत काढता येते, गायक गेल्यावरही त्याचा निव्वळ आवाज पुढच्या पिढीला ऐकवता येतो. आमच्या पथकातले एक काका मागच्या वर्षी गेले. त्यांचा आवाज आमच्याकडे आहे, पण कायमचा झांजेखाली.

साठवण महाग असते म्हणणाऱ्यांसाठी हिशोब : ४८ हजार हर्ट्झ, २४ बिटवर एका माइकचा ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी घेतो. आठ ट्रॅकचे पाच मिनिटांचे गाणे म्हणजे साडेतीनशे एमबीच्या आसपास. ६४ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर दीडशेच्या वर गाणी बसतात. दोन प्रती काढा, दोन वेगळ्या घरांत ठेवा. एवढेच.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : वेळ कुठून आणायचा? पथकातली पोरे दिवसा कुरिअर पोचवतात, कंत्राटी नोकऱ्या करतात, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. मास्टरिंग दहा मिनिटांत होते, मिक्सिंग शिकायला महिने जातात. हे अगदी मान्य. आम्हाला पहिले धड ऐकवण्याजोगे मिक्स करायला पाच महिने लागले. पण सगळ्यांनी शिकायची गरजच नाही. पथकातल्या दोघांनी शिकावे. आमचा आग्रह असा की त्या दोघांपैकी एक तरी मुलगी असावी. आमच्याकडे कोरस मुलींचा आणि माऊस मुलांच्या हातात, असे बिनबोभाट चालले होते. एका मुलीनेच तोंडावर विचारले, "फेडर कुणाच्या हातात म्हणून बाहेर भांडता, मग इथे?" उत्तर नव्हते. आज आमची निम्मी मिक्स तीच करते, आणि कान तिचा आमच्यापेक्षा तयार आहे.

शिकताना हाती लागलेल्या काही गोष्टी सांगतो, म्हणजे तुमचे दोन महिने वाचतील. क्लिकच्या तालावर शाहिराला गायला लावू नका. आपले गाणे चढत जाते, ते चढू द्या. दोन माइकचा इंटरफेस असेल तर गायक आणि ढोलकी एकदम, पण खोलीच्या दोन टोकांना, मध्ये गोधड्या टांगून रेकॉर्ड करा. पेटी, झांज, कोरस नंतर त्यावर चढवा. मिसळताना सगळ्यात आधी फक्त आवाज ऐका. आवाजाखालचा ८०-१०० हर्ट्झच्या खालचा घुमारा काढून टाका, माइकच्या दांडीचा धक्का आणि पंख्याची घरघर त्यातच असते. मग ढोलकी आणा, आणि शब्द कळेनासा होतो तिथे थांबून एक पायरी मागे या. जो शब्द महत्त्वाचा, त्यापुरता गायकाचा फेडर दोन डेसिबल वर आणि पेटी दोन डेसिबल खाली, याला ऑटोमेशन म्हणतात. आमच्या 'थकीत'ला एवढेच हवे होते. चार डेसिबलचे काम, जे त्या स्टुडिओत कुणाला महत्त्वाचे वाटले नाही आणि मास्टरिंगला करता आले नाही.

शेवटी गाणे एका बाजूचे, म्हणजे मोनो करून भोंग्यावर वाजवून बघा. महागड्या हेडफोनवर गाणे सगळ्यांचेच छान लागते. आपला श्रोता समाजमंदिरावरच्या भोंग्यावर आणि पाचशे रुपयांच्या मोबाइल स्पीकरवर ऐकतो. भोंग्यात खालचा जाड आवाज येतच नाही, तिथे उरतो तो मधला पट्टा, म्हणजे शब्दाचाच पट्टा. तिथे शब्द कळला की बाकी सगळीकडे कळतो.

मग मास्टरिंगचे सॉफ्टवेअर कधीच घेऊ नये का? घ्यावे, दोन प्रसंगी. एक, पाच-सहा गाण्यांचा संग्रह काढताना सगळी एका पातळीवर, एका पोताची वाटावीत म्हणून. तोवर तुमचे मिक्स बरे झालेले असेल आणि यातली बहुतेक साधने वर्कस्टेशनच्या आतच प्लगइन म्हणून बसतात. दुसरा प्रसंग जुन्या कॅसेटींचा. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर विकत घेतलेल्या, घरोघरी पत्र्याच्या पेट्यांत पडलेल्या कॅसेटींमध्ये आपला मोठा इतिहास आहे. तिथे वेगळे ट्रॅक कधीच मिळणार नाहीत, जे आहे ते एकच मिसळलेले आहे. तिथे सरसर कमी करणे, पट्टे सावरणे, एवढेच हाती आहे, आणि ते मास्टरिंगच्याच जातकुळीचे काम आहे. फक्त एक करा : साफ करण्याआधीची कच्ची प्रत जशीच्या तशी जपून ठेवा. सरसर काढण्याच्या नादात शाहिराचा श्वासही काढून टाकलेल्या फाईली आम्ही ऐकल्या आहेत.

आणि ज्यांना वर्कस्टेशन आज जमणारच नाही, बाहेरच्या स्टुडिओतच जायचे आहे, त्यांनी पैसे देण्याआधी कागदावर लिहून घ्यावे : तयार गाण्याबरोबर सगळे ट्रॅक, प्रत्येक वेगळा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग, डब्ल्यूएव्ही फाईलमध्ये, आमच्या पेनड्राइव्हवर, त्याच दिवशी. काही स्टुडिओवाले कुरकुर करतील. करू द्या. पेनड्राइव्ह खिशात टाकूनच जा.

'थकीत'चे गाणे आम्ही पुन्हा रेकॉर्ड केले आहे. ते पोर आता शिकवण्या घेते, कॉलेज पुरे झाले नाही. यंदा १४ एप्रिलला सकाळी, डीजे सुरू व्हायच्या आधी, ते गाणे भोंग्यावर वाजेल.

जयभीम!